दारातून धुकं आलं नाही

१

कडाक्याच्या थंडीत कुणी दार उघडून घरात आलं, तर त्या माणसाच्या आधी घरात काय शिरतं, सांगता येईल तुम्हाला?

धुकं शिरतं. पारा उणे पन्नासच्या खाली उतरला की बाहेरची हवा आणि घरातली ऊब उंबऱ्यावर एकमेकींना भिडतात, आणि दार किलकिलं होताच पांढऱ्या धुक्याचा लोट जमिनीवरून लोळत आत येतो. बाकाखालून सरपटत चुलीपर्यंत जातो आणि तिथे विरतो. मग त्यातून माणूस दिसू लागतो. आधी बूट, मग कोट, सगळ्यात शेवटी चेहरा. इल्दानाच्या गावात पाठमोरं बसलेलं माणूसही घोट्यांना गार लागलं की न वळता म्हणतं, "दार लाव नीट."

इल्दाना याच गावात जन्मली, इथेच तिचं लग्न झालं. लांब उत्तरेकडच्या बर्फाळ याकुतियातल्या त्या गावात हिवाळा सात महिने मुक्काम ठोकतो, त्यामुळे हे धुकं तिने उभ्या जन्मात किती वेळा पाहिलं असेल याला गणतीच नव्हती. इतकं सवयीचं झालेलं की ते आलं की लक्षातही येत नसे.

त्या दिवशी ते आलं नाही, हेही तिच्या चटकन लक्षात आलं नाही.

२

सकाळी सगळं रोजच्यासारखंच झालं होतं. गोठ्यातल्या दोन्ही गायींचं दूध काढून तिने वाडग्यांमध्ये ओतलं आणि वाडगे पडवीत गोठायला ठेवले. तिचा नवरा बायबाल घोडा घसरगाडीला जुंपत होता. तळ्याच्या बर्फाखाली लावलेली जाळी काढायची होती.

त्या तळ्याला गावात कुणी नावाने हाक मारत नाही. आजी म्हणतात. आजीकडे मासे मागायला जायचं तर रिकाम्या हाताने जायचं नाही, बर्फ फोडायच्या आधी तिला दोन घोट दारू वाहायची. एरवी इल्दाना खोकल्याच्या औषधाच्या छोट्या बाटलीत तेवढीच भरून द्यायची. पण ती बाटली पडवीत राहिली होती आणि थंडीने उभी तडकली होती. दुसरं काही बुचाचं सापडेना. सूर्य जेमतेम वर येऊन परत बुडायच्या आत काम उरकायचं होतं, म्हणून तिने दुकानातून आणलेली मोठी बाटलीच त्याच्या हातात दिली. अर्ध्याहून जास्त भरलेली होती.

आता त्या गावची रीत अशी, की आजीला दाखवलेली बाटली परत घरात आणायची नाही. तिचं ते तिथेच संपवायचं. बायबालबरोबर नेहमी इल्दानाचा धाकटा भाऊ तेरेंतेय जायचा आणि उरलेल्याची सोय तो आनंदाने लावायचा. पण तेरेंतेयची कंबर धरली होती. चार दिवस तो अंथरुणात पडून बायकोवर ओरडत होता. म्हणजे बायबाल एकटाच जाणार. आणि बायबालने तर, त्यांची लेक शाळेत जायला लागली त्या वर्षापासून, थेंबाला शिवलं नव्हतं. लेक आता शहरात दोन मुलांची आई झाली होती.

"उरेल ती बर्फात ओत," इल्दाना म्हणाली.

"एवढी सगळी? आजी झिंगेल. मासे द्यायचे सोडून गाणी म्हणत बसेल."

"म्हणू दे. तू नको म्हणूस म्हणजे झालं."

तो हसला. त्याच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट होती, आणि हसला की अजूनही तो तिला लग्नातल्यासारखा दिसायचा. टोपीच्या कानपट्ट्या तशाच लोंबत होत्या. तिने बांधायला हात पुढे केला तर तो मागे सरकला.

"तुझी ती वासराच्या दाव्याची गाठ नको हं, म्हातारे. संध्याकाळी सुटत नाही, मग कात्री घेऊन माझ्या गळ्याशी येतेस. शिवाय बर्फ बोलतो तो ऐकू यायला हवा मला."

"कान गळून पडले की ऐक कशाने ऐकायचं ते."

"तू आहेस की ओरडायला. तुझं मला कानांशिवायही ऐकू येतं."

घसरगाडी निघाली. तिचा करकर आवाज बराच वेळ येत राहिला. अशा थंडीत आवाज मरत नाहीत, लांबवर जातात.

३

दुपारच्या चहाची वेळ झाली तेव्हा खिडकीबाहेर उजेड निळा पडू लागला होता. इल्दाना चुलीसमोर पाठमोरी उभी राहून तव्यावरची भाकरी उलटत होती. बाहेरचं दार वाजलं. मग कातडं ठोकलेलं आतलं दार.

"आलास?"

"आलो."

बाक करकरला. तिने भाकरी उतरवली, हात पुसले आणि त्याच्याकडे गेली. गेली तीस वर्षं जे करत आली तेच तिचे हात करू लागले. त्याचे हातमोजे ओढून काढले, बाकाच्या कडेवर ठेवले. टोपी काढली, चुलीवरच्या दोरीला अडकवली. कोटाचं वरचं बटण सोडलं. तो लहान मुलासारखा मान वर करून बसला होता.

"किती गरम केलंयस घर," तो म्हणाला.

त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता. इतक्या वर्षांनी. तिला रागही आला आणि स्वतःचाही राग आला, कारण बाटली तिनेच दिली होती. तिने चहात दूध घातलं आणि पेला त्याच्यापुढे ठेवला. बोलायचं ते उद्या बोलू, आज माणूस थंडीतून आलाय, असं तिने मनाशी ठरवलं.

पेला ठेवताना तिचा हात त्याच्या हाताला लागला. हात गरम होता. चुलीजवळ ठेवलेल्या भांड्यासारखा गरम.

दारूने होतं तसं, तिने स्वतःला सांगितलं. गावच्या दवाखान्यातली परिचारिका आक्सिन्या दर हिवाळ्याच्या तोंडाला शाळेत सगळ्यांना गोळा करून सांगायची, की प्यालेल्या माणसाचं शरीर म्हणजे थंडीत दारं सताड उघडी टाकलेलं घर. अंगणात उभं राहिलं तर मस्त ऊब लागते, पण ती घरातून निघून चाललेली ऊब असते. आत काही उरत नाही. मागे बसलेले पुरुष खिदळायचे, तेरेंतेय म्हणायचा, आक्सिन्याताई, आमचं घर मोठं आहे, ऊब पुष्कळ आहे.

तेव्हा गरम हाताचं कारण तिला ठाऊक होतं. मग कशाची टोचणी लागली होती? ती पुन्हा चुलीकडे वळली, पुढची भाकरी थापायला घेतली, आणि मग एकेक करून गोष्टी तिच्या मनात येऊ लागल्या. त्याच्या पापण्यांवर श्वास गोठून बसणारं पांढरं हिव नव्हतं. कॉलरची फर काळी आणि कोरडी होती. तळ्यावरून येईपर्यंत ती श्वासाने पांढरीशुभ्र होते. आणि दार उघडलं तेव्हा तिच्या घोट्यांना गार लागलं नव्हतं.

४

"मासे मिळाले?" तिने न वळता विचारलं.

"आजी प्रसन्न होती."

"घोडा सोडलास?"

उत्तराऐवजी तिला एक आवाज ऐकू आला. अगदी बारीक. सुपातून दाणे घरंगळावेत तसा. थांबायचा आणि पुन्हा यायचा.

तो आवाज तिच्या ओळखीचा होता, पण घरातला नव्हता. थंडी फार वाढली की बाहेर माणसाचा श्वास तोंडातून निघताक्षणी गोठतो आणि त्याचे कण कानाजवळून सळसळत खाली जातात. पोरं त्याला ताऱ्यांचं कुजबुजणं म्हणतात. इथे चुलीशेजारी भाकरी भाजत होती, तिच्या कपाळावर घाम होता आणि तिचा नवरा श्वास सोडत होता तेव्हा तोच आवाज येत होता.

उंदीर असेल, तिने स्वतःशी म्हटलं. पिठाच्या पोत्यात.

शाल गुंडाळून ती बाहेर गेली. लाकडं आणते, म्हणाली. अंगणात धूर आणि धुकं एकत्र साचलं होतं, शेजारचं तेरेंतेयचं घर नुसता एक पिवळा डाग दिसत होतं. घोडा नव्हता. घसरगाडी नव्हती. सकाळी गेलेल्या गाडीच्या पट्ट्यांच्या खुणा फाटकातून बाहेर जात होत्या. आत येणारी एकही खूण नव्हती, गाडीची नाही की बुटांची नाही.

ती तिथेच थांबून ऐकत राहिली. कुठेही करकर नव्हती. फक्त तिचा स्वतःचा श्वास, कानाशी सळसळणारा.

मग तिने दार उघडलं आणि तिच्याबरोबर धुक्याचा लोट आत शिरला, नेहमीसारखा. जमिनीवरून लोळत बाकाकडे गेला. पण तो विरला नाही. बायबालच्या पायांपाशी पोचला आणि मांजराने अंगाची मुटकुळी करून बसावं तसा तिथेच बसून राहिला.

बायबालने कोट काढला होता. एक बूट काढून नीट बाजूला ठेवला होता आणि आता दुसऱ्याच्या नाड्या सोडत होता. गाल लाल झाले होते.

"उकडतंय गं," तो म्हणाला. आवाजात काही वेडंवाकडं नव्हतं. दमून घरी आलेल्या माणसाचा आवाज होता तो, समाधानी. "दार उघडं ठेव की जरा."

५

इल्दाना आठ वर्षांची असताना तिचे वडील एका लग्नाहून परत येताना गोठून गेले. कुंपणाशीच सापडले. घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. अंगात नुसता सदरा होता. बूट जोडीने शेजारी शेजारी ठेवलेले, पलंगाखाली ठेवतात तसे. आणि कोट कुंपणाच्या खांबावर, घडी करून.

गावात कुणी म्हणालं चोर असेल, कुणी आणखी काही म्हणालं. जाणत्यांना ठाऊक होतं की पोटात दारू असलेला माणूस गोठायला लागला की त्याला शेवटी उकडतं आणि तो कपडे काढतो. तिची आई एवढंच म्हणायची, "त्याच्या मनाने तो घरी पोचला होता."

पुष्कळ वर्षांनी आई अंथरुणाला खिळली. शेवटच्या दिवसांत काहीबाही बोलायची, मेलेल्या गायींना नावाने हाका मारायची. एकदा तिने इल्दानाचा हात घट्ट धरला आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "तो आला होता त्या संध्याकाळी. मीच त्याचा कोट काढून घेतला. मीच घडी घातली."

इल्दानाने तिच्या तोंडात चमच्याने पाणी घातलं आणि उशी नीट केली. म्हातारपणाचं बोलणं ते. ती हे कुणाला सांगायलासुद्धा गेली नव्हती.

आता ती दाराला पाठ लावून उभी होती. दोरीवर लोंबणाऱ्या टोपीकडे पाहत होती. ती तिने काढली होती. हातमोजे तिने काढले होते. कोटाचं पहिलं बटण तिनेच सोडलं होतं.

६

टेलिफोन खिडकीशी होता. तळ्यावर फोन लागत नाही, पण शेजारी लागतो. तिने तेरेंतेयचा नंबर फिरवला. बायबाल बाकावरून तिच्याकडे बघत होता. कुणाशी बोलणार आहेस, असं काही त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. नुसता बघत होता, प्रेमाने.

तेरेंतेयने उचलला आणि आधी कंबरेची सगळी हकीकत ऐकवली. तिने त्याला मध्येच तोडलं. इंजिनाची बर्फगाडी काढ आणि तळ्यावर जा, म्हणाली. त्याने विचारलं, का, दाजी अजून आले नाहीत का?

आले म्हणावं तर तेरेंतेय अंथरुणातून उठणार नाही. आणि आले नाहीत म्हणावं तर समोर बसलेल्या या माणसाच्या तोंडावर म्हणायचं. असं म्हटल्याने काय होईल? तो उठून जाईल? गेला तर कुठे जाईल? तिच्या मनात एक विचार असाही आला, की फोन ठेवून द्यावा, त्याच्याशेजारी जाऊन बसावं आणि चहा प्यावा. तो इथे आहे. समोर आहे. त्याच्या दातांतली फट दिसतेय. बाहेर खुणा नाहीत तर नाहीत.

"ताई? आले की नाही?"

"नाही," ती म्हणाली. "तो घरी आलेला नाही, तेरेंतेय. तो तळ्याशी आहे. त्याने प्यायली आहे आणि तो कपडे काढतोय."

पलीकडे पलंग करकरला; तेरेंतेय उठून बसला होता.

"तुला कसं कळलं?"

"तू नीघ. कंबरेचं मग बघू. आक्सिन्यालाही बरोबर घे."

तिने फोन ठेवला. बायबाल गेला नव्हता. त्याने मान जराशी कलती केली होती, आणि डोळ्यांत थोडं दुखावल्यासारखं दिसत होतं, सणाच्या दिवशी त्याला वाढायला विसरल्यासारखं.

"मी आलोय की, म्हातारे," तो म्हणाला.

७

ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. धुकं अजून तिथेच होतं. तिच्या गुडघ्यांना ते झोंबलं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "पण जरा परत बाहेर जायचंय. पाय दे इकडे."

तिने पहिला बूट चढवला. मग दुसरा. नाड्या पोटरीभोवती गुंडाळल्या आणि घट्ट ओढल्या. पाय जड होते, झोपलेल्या मुलाचे असतात तसे. त्याला ते पसंत नव्हतं. तो पुन्हा पुन्हा वाकून नाड्यांना हात घालायचा, आणि ती त्याचे हात हळूच बाजूला करायची. लेक लहान असताना शाळेत जायच्या वेळी हेच चालायचं. तिला तेव्हाची बोलणी आठवली आणि ती तीच बोलू लागली. हा हात इकडे घाल. शाबास. आता तो. बाहेर कुत्रा बसलाय बघ, तो म्हणतोय, कधी येणार, कधी येणार.

कोट. सगळी बटणं, खालपासून वरपर्यंत. मधलं एक सैल झालं होतं, तिच्या सकाळी लक्षात आलं नव्हतं.

"उकडतंय."

"असू दे."

टोपी. तिने ती कपाळावर खाली ओढली, कानपट्ट्या खाली घेतल्या आणि हनुवटीखाली वासराच्या दाव्याची गाठ मारली. दोन वेढे आणि एक आडवा. ती गाठ थंड बोटांनी सुटत नाही. बायबालने मान फिरवून तक्रार केली, पण सकाळसारखी थट्टा केली नाही.

उजव्या हाताचा हातमोजा बाकाच्या कडेवर होता, तो तिने चढवला. डावा नव्हता. तिने बाक चाचपला, चुलीचा कट्टा बघितला, गोधड्या झटकल्या. बाकाखाली हात घातला तर धुक्यात नुसतं गार लागलं, खोल, फार खोल, जणू तिथे जमीनच नव्हती. तिने हात झटकन मागे घेतला.

मग तिने त्याचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. आता तो गरम नव्हता. मघाच्या मानाने बराच उतरला होता, आणि तिच्या तळहातांतली ऊब त्याच्यात जात होती तरी काही उरत नव्हती. त्याच्या पाठीमागे, भिंतीच्या ओंडक्यांवर, आतल्या बाजूने हिव चढू लागलं होतं. पांढरं, बारीक, नेच्याच्या पानासारखं. चूल धडधडत होती आणि तिला आपला श्वास दिसत होता.

"बोल माझ्याशी," ती म्हणाली. "आजीने काय दिलं?"

"सगळं दिलं," तो पुटपुटला. "मीच म्हटलं, वाया कशाला घालवायचं. म्हातारी रागावेल. एकच घोट. मग छान वाटलं. ती उरलेली... परत आणायची नसते ना घरी."

"नसते रे. माझंच चुकलं."

चूल खाली बसू लागली होती. लाकूड घालायला हवं होतं. ते घालायचं तर हात सोडायला हवा. ती कितीतरी वेळ तशीच बसून राहिली, एकदा जाळाकडे आणि एकदा त्याच्या हाताकडे बघत. मग तिने त्याचा हात त्याच्याच कोटात छातीशी खुपसला आणि म्हणाली, "काढायचा नाही. मी आलेच."

तिने चार ओंडके एकदम सारले. त्यांच्याकडे मोठं काम असलं की चुलीला दारूचा घोट देतात. आज घरात दारू नव्हती, आणि असती तरी तिने दिली नसती. तिने लोण्याचा गोळा उचलला, सगळाच्या सगळा, आणि जाळात टाकला. "हे घे," ती जाळाला म्हणाली. "आज यावर भागव. पण त्याला गार वाटू दे."

वळली तेव्हा त्याचा डावा हात कोटाबाहेर आला होता आणि मांडीवर उताणा पडला होता. बोटं पांढरी होती, मेणासारखी. आणि तो कापत होता. दात वाजत होते. सगळं अंग कापत होतं.

"गारठलो गं," तो म्हणाला. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्याचा आवाज घाबरल्यासारखा आला. "मी कुठे आहे? कुणीच नाहीय इथे."

इल्दाना पुढे झाली आणि तिने त्याला मिठीत घेतलं. घट्ट. कोटासकट, टोपीसकट. पाण्यात बुडी मारल्यासारखी थंडी तिच्या अंगातून आरपार गेली. तिने डोळे मिटून घेतले आणि त्याच्या कानापाशी, कानपट्टीवरून, ओरडून सांगितलं, "मी आहे. कापत राहा. थांबू नकोस. ऐकू येतंय ना? कापत राहा."

८

किती वेळ गेला, तिला सांगता आलं नाही. बर्फगाडीचा आवाज आला, कुत्री भुंकली, आणि दोन्ही दारं एकदमच उघडली.

धुकं आलं. खूप आलं. असं धुकं तिने कधी पाहिलं नव्हतं, ते कंबरेएवढं उंच होतं आणि चुलीला, बाकाला, तिलाही गिळून पुढे गेलं. तिच्या मिठीत कोटाची जाड लोकर होती, आणि मग नव्हती. तिने हात आणखी आवळले. ते एकमेकांवर आले.

धुक्यातून आधी बूट दिसले. तेरेंतेयचे, आणि त्याने काखेतून धरलेल्या माणसाचे, फरफटत येणारे. मग कोट. सगळी बटणं लावलेला. मग चेहरा, पांढरा, पापण्या हिवाने चिकटलेल्या, आणि दात वाजत होते, इतक्या जोराने की सगळ्यांना ऐकू येत होते.

आक्सिन्या मागून आत आली आणि तिने पहिल्यांदा दार लावलं.

९

तेरेंतेयने खिशातून चपटी बाटली काढली, दाजींना एक घोट, नुसतं तोंड ओलं करायला. आक्सिन्याने ती त्याच्या हातातून घेतली आणि दाराबाहेर फेकली. एरवी तो दिवसभर कुरकुरला असता. आज तो गोधड्या आणायला वळला. अंग चोळायचं नाही, चुलीला चिकटवायचं नाही, आधी छाती ऊबदार करायची, असं ती सांगत गेली आणि इल्दाना करत गेली. कोमट कापडं, गोधड्या, आणि गोधडीच्या आत ती स्वतः.

टोपी काढायला गेले तर गाठ सुटेना. आक्सिन्याने कात्रीने कापली. कापलेली दोरी हातात धरून ती थोडा वेळ बघत राहिली, मग तिने तेरेंतेयला विचारलं, ही तू बांधलीस का? तेरेंतेय म्हणाला की आपण हातसुद्धा लावला नाही, सापडले तेव्हा असेच होते. काठावरच्या झाडाखाली बसलेले, घोडा त्यांच्यावरचा वारा अडवून उभा. मग तो जरा घुटमळला आणि इल्दानाकडे न बघता म्हणाला, घसरगाडीपासून झाडापर्यंत पावलांचे ठसे होते. फक्त दाजींचेच. आधी बुटांचे, मधले काही अनवाणी पायांचे, मग पुन्हा बुटांचे.

डाव्या हातात मात्र हातमोजा नव्हता. तेरेंतेयने आजूबाजूचा सगळा बर्फ उकरून बघितला होता.

आक्सिन्याने तो हात स्वच्छ कापडात गुंडाळला आणि तीन बोटं बहुतेक वाचायची नाहीत असं हळू आवाजात सांगितलं. इल्दानाने मान हलवली. बायबाल गोधडीत झोपला होता. त्याचा श्वास उष्ण होता आणि त्यात ती बारीक सळसळ नव्हती. ती तो रात्रभर ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी आली. त्याच्याबरोबर निघायच्या आधी इल्दानाने घर झाडायला घेतलं आणि चुलीपासून हातभर अंतरावर, बाकाखाली, तिला डावा हातमोजा सापडला. तो लाकडासारखा कडक होता, आणि त्याच्यावरचं हिव अजून वितळलं नव्हतं.